धर्माचं स्वातंत्र्य: परक्यांपासून आणि आपल्यांपासून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीत वर्षानुवर्षं गणपती बसतो. वर्गणी सगळ्यांकडून मागितली जाते, दोन कुटुंबं देत नाहीत आणि त्यावरून कुजबुज चालते. यंदा एका ख्रिस्ती सभासदाने नाताळच्या आधी एक संध्याकाळ कॅरलसाठी सोसायटीचा हॉल मागितला आणि समितीत जुंपली. एक बाजू म्हणाली, हे त्याचं धार्मिक स्वातंत्र्य आहे. दुसरी म्हणाली, आम्ही सहिष्णू आहोत म्हणूनच तो इथे सुखाने राहतो, आता आणखी काय हवं? तेव्हा धार्मिक स्वातंत्र्य आणि सहिष्णुता म्हणजे समाजात नेमकं काय, आणि ती एकच आहेत का?

एक नाहीत. समितीत भांडण झालं ते बरंचसं या दोन गोष्टी एकमेकींच्या जागी वापरल्यामुळे.

मी वकिली करतो. त्यातलं बरंच काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातलं: देवस्थानं, जैन संघ, चर्चचे ट्रस्ट, विहारांच्या समित्या, त्यांचे चेंज रिपोर्ट (विश्वस्त वगैरे बदलल्याच्या नोंदी) आणि विश्वस्तांची भांडणं. या टेबलावरून जे दिसतं ते टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा वेगळं असतं. धर्मावरून कोर्टात येणारे बहुतेक वाद दोन धर्मांमधले नसतातच. ते एकाच धर्मातल्या, एकाच गावातल्या, पुष्कळदा एकाच भावकीतल्या माणसांचे असतात. धार्मिक स्वातंत्र्याचा अर्थ लावताना हे मी कधी विसरत नाही. तिकडे येईनच, पण आधी तुमचा हॉल.

धर्मस्वातंत्र्याचा हक्क देणारं राज्यघटनेचं कलम २५ मुख्यतः सरकारला बांधतं. तुमची सोसायटी म्हणजे सरकार नव्हे. त्यामुळे हॉल नाकारला म्हणून तो सभासद कलम २५ घेऊन थेट हायकोर्टात गेला, तर पहिलाच प्रश्न येईल की सोसायटीविरुद्ध मूलभूत हक्क मागता येतो का. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा, फक्त पारशांनाच सभासद करून घेण्याचा उपविधी वैध ठरवला. संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्यात आपले सभासद निवडण्याचं स्वातंत्र्य येतं, असं त्यामागचं सूत्र. मला तो निकाल शहरांसाठी चांगला वाटत नाही. एकेका समाजाची एकेक इमारत झाली की शेजार नावाची गोष्टच संपते. पण निकाल आहे. तुमच्यासारख्या सर्वांसाठी असलेल्या सोसायटीला मात्र तो उपयोगी नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ प्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि धर्म हे पुरेसं कारण धरलं जाईल असं समजून कोणत्याही सेक्रेटरीने पत्रावर सही करू नये.

हॉलबद्दल माझा सल्ला साधा आहे. हॉल एका धर्माच्या कार्यक्रमाला देता, तर दुसऱ्याच्या कार्यक्रमालाही त्याच भाड्यात, त्याच वेळेच्या मर्यादेत आणि त्याच साफसफाईच्या अटीवर द्या. नाहीतर कुठल्याच धर्माला देऊ नका. वर्गणी ही वर्गणीच राहू द्या. ती मेंटेनन्सच्या बिलात घुसवू नका, आणि न देणाऱ्यांची नावं लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावू नका. कलम २७ म्हणतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर द्यायला कुणाला भाग पाडता येणार नाही. ते सरकारी करांबद्दल आहे हे खरं, पण त्यातलं शहाणपण सोसायटीला चालण्यासारखं आहे.

आता सहिष्णुतेकडे. ही कायद्याने निर्माण होत नाही. ती माणसांनी एकमेकांना द्यायची असते. २०२३ मध्ये आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जूनला आली. राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी करायची नाही असं आपणहून ठरवलं. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आली, तेव्हा मुंबईसह कित्येक शहरांतले जुलूस दुसऱ्या दिवशी निघाले आणि सरकारने सुट्टीही २९ तारखेला हलवली. २०२४ मध्ये हे दोन सण लागोपाठच्या दिवशी आले, तेव्हाही मुंबईत जुलूस आणि सुट्टी पुढे ढकलली गेली. कुठल्या कलमात हे बसत नाही. कुणी याचिका केली असती, तर दोन्ही मिरवणुका आपापल्या वेळी काढण्याचा हक्क दोघांनाही होता.

मग लोकांनी असं का केलं? भिवंडीकडे पाहिलं तर थोडं उलगडतं. मे १९७० मध्ये तिथे शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी दंगल पेटली. तिची, आणि जळगाव व महाडच्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळली. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. प्रत्येक वस्तीतले हिंदू आणि मुसलमान नेमाने एकत्र बसायचे, बरोबर त्या भागाचा बीटचा पोलीस असायचा. बोलणं काय व्हायचं? पाणी, गटार, पोरांची भांडणं, कुणाच्या लूमचा आवाज. धर्मावर प्रवचनं झोडून कुणी सहिष्णू झालं नाही. ओळख झाली, एकमेकांच्या नावाने हाक मारता येऊ लागली. डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. दरवर्षी सणांच्या तोंडावर पोलीस ठाण्यात चहा-बिस्किटांवर उरकली जाणारी शांतता समितीची बैठक हे त्याचं फारच अशक्त नातेवाईक आहे. ज्यांचे फोटो पेपरात येतात त्यांनाच तिथे बोलावलं जातं, आणि ज्या गल्लीत दगड पडू शकतो तिथला माणूस त्या खोलीत नसतो.

पण सहिष्णुतेत एक खोट आहे आणि तुमच्या समितीतल्या दुसऱ्या गटाचं वाक्य नेमकं तिथेच घसरतं. जुलूस पुढे ढकलणं हे सौजन्य होतं. पुढच्या वेळी तेच गृहीत धरलं गेलं, आणि 'गेल्या वेळी ढकललात, मग आता का नाही?' असं विचारलं गेलं, तर ती अट झाली. संख्येने कमी असलेल्यानेच दर वेळी एक पाऊल मागे घ्यायचं, अशी अट. 'आम्ही सहिष्णू आहोत म्हणून तुम्ही राहता' या म्हणण्यात आमचं मन फिरलं तर तुम्ही राहणार नाही, हेही बोललं गेलेलं असतं. म्हणूनच घटनेने या देशातल्या माणसाचा धर्म शेजाऱ्याच्या चांगुलपणावर सोडला नाही. कलम २५ सर्व व्यक्तींना समान हक्क देतं. नागरिकांपुरताही तो मर्यादित नाही, भारतात आलेल्या परदेशी माणसालाही तो आहे.

या हक्काला हद्दी आहेत आणि त्या कलमाच्या पहिल्याच ओळीत आहेत: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतरांचे मूलभूत हक्क. लाऊडस्पीकरचा वाद यातच संपतो, खरं तर केव्हाच संपलेला आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद. सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की स्पीकर वापरणं हा कलम २५ खालचा हक्क नाही. हे मशिदीला लागू, मंदिराला लागू, डीजेच्या भिंतीलाही लागू. अडचण कायद्याची नाही. आपला भोंगा मोजायचा नाही आणि समोरच्याचा मोजायला डेसिबल मीटर घेऊन जायचं, ही आहे.

भावना दुखावल्याच्या तक्रारींबद्दलही लोक हमखास विचारतात. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे पूर्वीच्या दंडविधानातलं १९२७ साली आलेलं २९५-अ, हे हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेल्या अपमानासाठी आहे. नकळत किंवा बेपर्वाईने केलेलं बोलणं त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच म्हटलं. प्रत्यक्षात गुन्हा आधी नोंदवला जातो आणि हेतूचा विचार काही वर्षांनी होतो. तोवर आरोपी पोराची नोकरी गेलेली असते. सहिष्णुता म्हणजे एकमेकांविषयी गोडच बोलणं, हा समज इथे फार नुकसान करतो. संत एकनाथांच्या हिंदू-तुर्क संवादात दोघं एकमेकांच्या देवाचे, आचारांचे यथेच्छ वाभाडे काढतात, आणि शेवटी गळ्यात गळे घालतात. सोळाव्या शतकातला माणूस हे लिहू शकला. आज त्यातल्या निम्म्या ओळी कुणी मोबाइलवर टाकल्या, तर मला जामिनाच्या अर्जाची तयारी करावी लागेल.

आता मी सुरुवातीला ज्याबद्दल बोललो, ते एकाच धर्मातले वाद.

महाराष्ट्र सहिष्णू आहे असं सांगताना आपण संतांची नावं घेतो, वारीचा दाखला देतो. ते खोटं नाही. पण याच महाराष्ट्रात २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू करावा लागला, कारण हिंदू म्हणून जन्मलेल्या माणसांना हिंदूंच्या देवळात जाता येत नव्हतं. अनेक वर्षं तो चालला आणि दार उघडलं नाही. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. परधर्माच्या माणसाला शेजारी नांदवणारा समाज आपल्याच माणसाला उंबरठ्याबाहेर उभं करत होता, आणि यात काही विसंगत आहे असं फार थोड्यांना वाटत होतं. काळारामला मागितला तो आत येण्याचा हक्क. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह वापरला तो बाहेर पडण्याचा. धार्मिक स्वातंत्र्यात हे दोन्ही येतात.

घटना समितीला याची जाण होती. मूलभूत हक्कांचा मसुदा होत असताना राजकुमारी अमृत कौर आणि हंसा मेहता यांनी धर्म 'आचरण्याच्या' मोकळ्या हक्कालाच हरकत घेतली. असा हक्क बिनशर्त दिला तर देवदासी, पडदा, सती अशा प्रथा धर्माच्या नावाने घटनेच्या आड लपतील, ही त्यांची भीती होती. त्यातूनच समाजसुधारणेचे कायदे करण्याचा आणि हिंदूंची सार्वजनिक देवस्थानं सर्व वर्गांना खुली करण्याचा सरकारचा अधिकार कलम २५ मध्येच लिहिला गेला. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर २०१६ च्या गुढीपाडव्याला बायका चढल्या, त्याआधी हायकोर्टात आधार दिला गेला तो मंदिर प्रवेशाच्या १९५६ च्या राज्य कायद्याचा. त्याच वर्षी हाजी अलीच्या मजारीपर्यंत जाण्याचा बायकांचा हक्कही मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला.

कलमातला क्रमही पाहा. आधी सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य, मग धर्म प्रकट करण्याचं, आचरण्याचं, प्रसाराचं. विवेक हा एकट्या माणसाचा असतो, जमातीचा नसतो. १९८५ मध्ये केरळातल्या एका शाळेने यहोवाज विटनेस पंथाच्या तीन भावंडांना काढून टाकलं. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहायची, पण गात नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना परत घ्यायला लावलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी एवढंच पाहिलं की श्रद्धा प्रामाणिक आहे का. ती आपल्या बुद्धीला पटते का, हा प्रश्न न्यायालयाचा नव्हे. आपल्याकडे नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेतल्या प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला, त्याची वेतनवाढ अडली, आणि २०१३ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की हात जोडण्याची सक्ती करता येत नाही. २०१४ चं प्रकरण मला त्याहून रंजक वाटतं. काही जणांनी आपला कुठलाही धर्म नाही अशी राजपत्रात नोंद मागितली आणि शासकीय मुद्रणालयाने ती नाकारली. माणूस म्हटला की धर्माचा रकाना भरलेलाच हवा, ही कारकुनी खात्री! उच्च न्यायालयाने ती मोडली. कुठलाच धर्म न मानण्याचं स्वातंत्र्यही कलम २५ मध्येच आहे.

या सगळ्यात सर्वांत अवघड गाठ कुठे पडते ते सांगतो. कलम २५ माणसाला हक्क देतं, तर कलम २६ धर्मसंप्रदायाला आपले धार्मिक व्यवहार सांभाळण्याचा. आणि संप्रदायाने आपल्याच माणसाला बाहेर काढलं तर? मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. दाऊदी बोहरांचे तेव्हाचे धर्मगुरू सैयदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिलं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने कायदा रद्द केला: धर्माच्या कारणावरून बहिष्कृत करणं हा संप्रदायाच्या धार्मिक व्यवहाराचाच भाग आहे. विरोधी मत सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हांचं. बहिष्कृत माणसाला मशीद नाही, दफनभूमी नाही, त्याची अवस्था जमातीत अस्पृश्यासारखी होते, आणि हा कायदा त्याच माणसाच्या विवेकाचं रक्षण करत होता, असं ते म्हणाले. माझं मत त्या एका न्यायाधीशाच्या बाजूचं आहे. ज्याला मेल्यावर पुरायला जागा मिळणार की नाही हे दुसरा ठरवतो, त्याचं विचाराचं स्वातंत्र्य कागदावरच राहतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने, १९६२ चा निकाल पुन्हा तपासायला हवा म्हणून तो प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला.

हे फक्त बोहरांचं समजू नका. कोकणात गावकीने वाळीत टाकणं, भटक्या समाजांतल्या जातपंचायतींचे दंड, आंतरजातीय लग्न केलं म्हणून आईच्या मयतीलाही येऊ न देणं, हे सारं त्याच प्रकारचं आहे. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी मोठ्या संख्येने पुढे आल्या. त्यातूनच महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला: २०१६ चा अधिनियम, जुलै २०१७ पासून लागू. लग्न-अंत्यविधीत अडथळा आणणं, समाजाचं सभागृह किंवा स्मशानभूमी वापरू न देणं, रोजीरोटीचे संबंध तोडायला लावणं, हे सगळं त्यात गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या प्रकरणांत पुरावा मिळवणं फार कठीण असतं, म्हणून कुणावर अशी वेळ आली असेल तर थोडं सांगून ठेवतो. वाळीत टाकल्याचा लेखी ठराव हल्ली कुणी करत नाही. दुकानदार माल देत नाही, पण देणार नाही असं म्हणतही नाही. लग्नाचं आमंत्रण येत नाही, आणि आमंत्रण न देणं हा गुन्हा कसा म्हणणार? म्हणून तारखांची वही ठेवा. कोण, कुठे, काय बोललं ते त्याच दिवशी लिहा. बैठकीचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल तर फोन बदलण्याआधी त्याची प्रत काढा. दंड म्हणून पैसे घेतले असतील तर पावती मागा. ती बहुधा देवाच्या नावाने देणगी म्हणून फाडलेली असते, तीच पुढे उपयोगी पडते. पोलीस 'हा तुमच्या समाजाचा आपसातला मामला' म्हणून परत पाठवतील, तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ठाण्यात काही झालं नाही तर अर्ज पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे थेट तक्रार करता येते. तडजोडीची बोलणी होणारच. ती करायला हरकत नाही, कायद्यातही फिर्यादीच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीची सोय आहे. मात्र ती देवळात किंवा पंचांच्या ओसरीवर तोंडी करू नका. न्यायालयासमोर, लेखी, आणि दंडाचे पैसे परत मिळाल्यानंतरच सही करा.